रंगाऱ्यांची बाजू

आमच्या साडूंना खोटेपणा पकडण्याची विद्या अवगत आहे. आंबा हातात घेतला की ‘हा देवगडचा नव्हे’, केळी पाहिली की ‘पावडरीत पिकवलीत’, कुणाचे केस जरा दाट दिसले की ‘टोप आहे’, आणि एखाद्या घरी नवराबायको गोडीनं बोलताना दिसली की ‘आपण आलोय म्हणून!’ आजवर त्यांनी ‘हे मात्र खरं आहे बरं का’ असं एकाच गोष्टीबद्दल म्हटल्याचं मला आठवतं, आणि ती म्हणजे त्यांचा स्वतःचा रक्तदाब. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर भिंतीवर कॅलेंडर टांगून ठेवलं, ही चूक माझीच.

कॅलेंडर अमेरिकेतल्या भाच्यानं पाठवलेलं. बारा महिने, बारा चित्रं, सगळी अवकाशातल्या दुर्बिणींनी काढलेली. त्या महिन्याच्या पानावर एक दीर्घिका होती. दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच कोट्यवधी ताऱ्यांचा गोतावळा. हिचं इंग्रजी नाव कार्टव्हील, म्हणजे सरळ मराठीत गाडीचं चाक. आणि चित्र पाहिल्यावर ज्यानं कुणी हे नाव ठेवलं त्याच्या गावी बैलगाडी असली पाहिजे अशी माझी खात्री झाली. मधे तुंबा, तुंब्यातून निघालेले आरे, आणि भोवती लालभडक धाव. अंतर पन्नास कोटी प्रकाशवर्षं. कधीकाळी एक लहान दीर्घिका या मोठीच्या अंगातून आरपार निघून गेली, आणि त्या धक्क्याची वलयं अजून बाहेर पसरताहेत. जेम्स वेब दुर्बिणीनं काढलेलं हे चित्र ऑगस्ट २०२२ मध्ये जगापुढं आलं. लाल धुळीत निळे ठिपके असे चमकत होते, की मी रोज सकाळी चहा घेताना पाच मिनिटं तिथं उभा राहायचो. घरात उभं राहून बघण्यासारखं दुसरं काही नाही, हेही एक कारण.

साडूंनी बशीत चहा ओतला, मान तिरकी केली आणि म्हणाले, “हे सगळं रंगवलेलं असतं, माहीत आहे ना?”

“म्हणजे?”

“म्हणजे कॅमेरा काळापांढरा असतो हो. मागाहून कॉम्प्युटरवर बसून रंग भरतात. लोकांना छान वाटावं, सरकारनं पैसे सोडावेत म्हणून. आमच्या ग्रुपवर आलंय.”

‘आमच्या ग्रुपवर आलंय’ या प्रमाणापुढं वेदसुद्धा गप्प बसतात, मी कोण? पण त्या दिवशी मला राग आला. पंचाईत अशी, की साडूंची पहिली दोन वाक्यं अक्षरशः खरी होती. कॅमेरा खरोखरच काळापांढरा असतो आणि रंग खरोखरच मागाहून देतात. तिसरं वाक्य तेवढं त्यांचं स्वतःचं. खऱ्याच्या दोन भाकऱ्यांवर खोट्याची चटणी घालून वाढली की माणूस ती आनंदानं खातो. म्हणून मी हे वकीलपत्र घेतलं आहे. आमचे अशील बाल्टिमोर गावी राहतात. तिथं दुर्बिणीच्या कामकाजाची संस्था आहे, आणि जोसेफ डिपास्क्वाले व अलिसा पगान ही दोन माणसं तिथं बसून वेब दुर्बिणीच्या चित्रांना रंग देतात. त्यांनी मला नेमलेलं नाही. फीसुद्धा मिळणार नाही.

आता पहिला मुद्दा. ज्या फोनवर साडूंच्या ग्रुपनं हे रहस्य फोडलं, त्या फोनचा कॅमेरासुद्धा काळापांढराच असतो! आतल्या चकतीला रंग कळत नाही. उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून चकतीवरच्या प्रत्येक ठिपक्याच्या डोक्यावर लाल, हिरव्या किंवा निळ्या रंगाची टिकली बसवलेली असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांना १९७६ साली या जुळणीचं पेटंट मिळालं. लाल टिकलीखालचा ठिपका लाल उजेड मोजतो. हिरवा आणि निळा किती होता हे त्याला ठाऊक नसतं. मग फोन काय करतो? शेजारच्या ठिपक्यांकडं चौकशी करतो. आपल्याकडं स्थळाची चौकशी करतात तशी. तीन आकड्यांपैकी एक मोजलेला आणि दोन शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून भरलेले! साडूंनी नातीच्या बारशाचे दीडशे फोटो मला पाठवले, ते सगळे असेच रंगवलेले. दुर्बिणीत हा चौकशीचा प्रकार नसतो. तिथं अख्ख्या कॅमेऱ्यापुढं एक फिल्टर येतो, एक फोटो निघतो, मग दुसरा फिल्टर, दुसरा फोटो, मग तिसरा. प्रत्येक ठिपका प्रत्येक फिल्टरमधून जातीनं मोजलेला. तेव्हा प्रामाणिकपणाचीच स्पर्धा लावायची असेल, तर बारसं हरेल आणि बैलगाडीचं चाक जिंकेल.

रंग भरण्याची ही युक्तीही काही नासानं काल शोधलेली नाही. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६१ साली लंडनमध्ये एका चौकड्याच्या फितीचे तीन काळेपांढरे फोटो लाल, हिरव्या, निळ्या फिल्टरमधून काढवून घेतले, आणि त्याच तीन रंगांच्या उजेडात ते पडद्यावर एकावर एक पाडून दाखवले. रंगीत छायाचित्राचं हे बारसं. यातली खरी गंमत मात्र शंभर वर्षांनी उघडकीला आली. त्या काळच्या फोटोच्या काचेला लाल उजेड कळतच नव्हता! फितीच्या लाल भागातून डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाशही परत येत होता, आणि लाल फिल्टर तो आत सोडत होता. म्हणजे जगातल्या पहिल्या रंगीत फोटोतला लाल हा लाल नव्हताच. अदृश्य प्रकाशाला दृश्य रंग देण्याचं पातक स्वतः मॅक्सवेलसाहेबांकडून नकळत घडलेलं आहे. आता काढा ग्रुपवर त्यांची चौकशी.

खोटा रंग काय असतो ते आमच्या पिढीनं घरोघरी पाहिलेलं आहे. टीव्ही काळेपांढरे होते तेव्हा बाजारात एक प्लॅस्टिकचा कागद मिळायचा. वर निळा, मधे गुलाबी, खाली हिरवा. तो टीव्हीच्या काचेवर लावला की टीव्ही रंगीत झाला! वर आकाश, खाली गवत आणि मधे माणसाचं तोंड, असा त्या कारखानदाराचा जगाबद्दलचा सरळ हिशेब होता. आमच्याकडं तो कागद १९८२ साली दूरदर्शन रंगीत होईपर्यंत, आणि खरं सांगायचं तर पुढंही चारपाच वर्षं, होता. बातम्या सांगणाऱ्या बाईंचे केस निळे, गाल गुलाबी आणि पदर हिरवा. क्रिकेटची मॅच त्यातल्या त्यात बरी दिसायची. पण चेंडू उंच उडाला की आधी गुलाबी आणि मग निळा व्हायचा. सिनेमातली नायिका पलंगावर आडवी झाली की संपूर्ण हिरवी! आमची आजी मात्र खूष होती. “बाई आजारी दिसतेय,” म्हणायची.

हा खोटा रंग. का खोटा? तर त्या कागदाला समोर काय चाललंय याचा पत्ता नव्हता. बातम्या असोत, मॅच असो, वर निळं ते निळंच. बाल्टिमोरच्या रंगाऱ्याला ही सोय नाही. त्यानं एका फिल्टरच्या फोटोला लाल म्हटलं की जिथं जिथं तो प्रकाश मोजला गेला तिथं लाल येणार, आणि जिथं नाही तिथं साहेबाची कितीही इच्छा असली तरी येणार नाही. चाकाच्या चित्रात वेबच्या एका कॅमेऱ्यानं टिपलेल्या धुळीला लाल दिला आहे, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माहितीला निळा, पिवळा, नारिंगी. आता धूळ चाकाच्या धावेवर आहे, ती तिथून उचलून कोपऱ्यात ठेवायची मुभा त्याला नाही. रंग कुठला हे त्यानं ठरवलं; कुठं आणि किती हे पन्नास कोटी वर्षांपूर्वी ठरून गेलं.

साडूंनी दुसऱ्या फेरीत हुकमाचं पान टाकलं. “बरं, मग ते खांब! हबलच्या चित्रात हिरवेनिळे, वेबच्या चित्रात विटकरी. एकाच वस्तूचे दोन रंग? एक तरी खोटा असणार!”

हे खांब आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत. गरुड तेजोमेघातले, साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरचे, वायू आणि धुळीचे. त्यांतला उंच खांब चारेक प्रकाशवर्षांचा. जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या दोघांनी हबल दुर्बिणीतून त्यांचे बत्तीस फोटो घेऊन ते प्रसिद्ध चित्र जुळवलं. फोटो घेतल्याची तारीख १ एप्रिल १९९५. ही तारीख मी साडूंना अजून सांगितलेली नाही. तुम्हीही सांगू नका.

त्या चित्रातला हिरवा हा हायड्रोजनचा आहे, आणि हायड्रोजनचा तो प्रकाश डोळ्याला हिरवा नसून तांबडा असतो, हे मी भर कोर्टात कबूल करतो. मग हिरवा का दिला? कारण गंधकाचा प्रकाशही तांबडाच. एकाची तरंगलांबी ६५६ नॅनोमीटर, दुसऱ्याची ६७३. दोघांना ‘खरा’ रंग दिला असता तर सगळा एकच लाल चिखल झाला असता, आणि कुठं हायड्रोजन संपला नि कुठं गंधक सुरू झालं हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. म्हणून त्यांनी गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि तिसऱ्या ऑक्सिजनला निळा दिला. तरंगलांबीचा क्रम तोच ठेवला, फक्त जरा हातभर अंतरावर उभं केलं. आमच्या वाड्यात जुळी पोरं होती. हुबेहूब सारखी. एकाला दोनदा दूध आणि दुसरा उपाशी, असं होऊ लागलं तेव्हा त्यांच्या आईनं एकाच्या मनगटाला काळा दोरा बांधला. ‘मूल जन्मतः दोऱ्यासकट नव्हतं, सबब ही बाई लबाड आहे’ असं म्हणणारा वाड्यात कुणी निघाला नाही. साडू तेव्हा आमचे साडू व्हायचे होते.

आणि वेबचे विटकरी खांब? तो अवरक्त प्रकाश. धुळीतून बराचसा पार होणारा, आपल्या डोळ्याला मुळीच न दिसणारा. तो टिपायला वेबला साडेसहा मीटरचा आरसा आहे, अठरा षटकोनी तुकड्यांचा, वर सोन्याचा मुलामा दिलेला. (सोनं एकूण अठ्ठेचाळीस ग्रॅम. म्हणजे पाच तोळेसुद्धा नाही. आमच्याकडच्या लग्नात एवढ्यावर व्याही रुसतात.) साडूंच्या गुडघ्याचा फोटो काढला आणि त्याच गुडघ्याचा एक्स-रे काढला, तर दोन्ही सारखे येतील का? आणि नाही आले, तर त्यांतला खोटा कोणता? डॉक्टर तर एक्स-रेच बघतात.

न दिसणाऱ्या प्रकाशाचा ‘खरा रंग कोणता’ हा प्रश्नच मुळात ‘चतुर्थीचं वजन किती’ यातला आहे. पण म्हणून मनाला येईल तो रंग फासलाय असंही नाही. इथं मला आमच्या गल्लीतल्या गायनमास्तरांची साक्ष काढावीशी वाटते. मास्तरांची पट्टी काळी एक. शिष्यांची काळी चार. मास्तरांनी काळी एकमध्ये शिकवलेला भूप मुली काळी चारमध्ये गातात. प्रत्येक सूर बदललेला असतो, पण भूप भूपच राहतो, कारण सुरांमधली अंतरं तीच राहतात. वेबच्या चित्रात हेच केलेलं असतं. सर्वांत लांब तरंगलांबीला लाल, सर्वांत आखूडला निळा, मधल्यांना मधले. सगळी मैफल अवरक्ताच्या पट्टीतून उचलून आपल्या डोळ्यांच्या पट्टीत आणून बसवली. आपला आवाज तिथं पोचत नाही म्हणून त्यांनी पट्टी वर घेतली, आणि आपण म्हणतो, गाणं चोरलं!

आणखी एक भानगड आहे. २०२४ साली वेबला एक दीर्घिका सापडली, तिचा प्रकाश तेराशे कोटींहून अधिक वर्षांपूर्वी निघालेला. निघाला तेव्हा अतिनील होता. वाटेत विश्वच प्रसरण पावत गेलं, त्याबरोबर प्रकाशही ताणला जाऊन पंधरा पट लांब झाला, आणि पोचेपर्यंत अवरक्त होऊन बसला. आता याचा खरा रंग कोणता धरायचा? घरून निघतानाचा की मुक्कामी उतरतानाचा? मी एकदा लग्नाला पांढऱ्या झब्ब्यात निघून लाल डब्याच्या एसटीनं कऱ्हाडला उतरलो होतो. त्या झब्ब्याबद्दलही हा प्रश्न निघाला होता.

“पण जवळ जाऊन पाहिलं तर खरं काय दिसेल ते सांगा,” साडू म्हणाले. हा त्यांचा शेवटचा किल्ला. डोळ्यांनी पाहिलेलं ते खरं.

काही दिसणार नाही! जवळ गेलं म्हणून दीर्घिका भगभगीत होत नाही. ती आकारानं मोठी दिसते, पण तिचा फिकेपणा तेवढाच राहतो, कारण उजेड जास्त आला तरी तो तितक्याच जास्त आकाशावर पसरतो. हे तपासायला कुठं जायलाही नको. आपण एका दीर्घिकेच्या पोटातच राहतो. याहून जवळ काय जाणार? आणि ती कशी दिसते? कोकणात आमच्या गावी अमावास्येला वीज गेली की (वीज या बाबतीत शास्त्राला नेहमी मदत करते) माथ्यावर एक राखाडी, दुधट पट्टा दिसतो. ना लाल ना निळा. अंधारात आपल्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामावरच येत नाहीत. जे येतात त्यांना रंगांतलं कळत नाही. तेव्हा साडू यानात बसून पन्नास कोटी प्रकाशवर्षं गेले, तर त्यांना आजूबाजूला धुकं पडल्यासारखं वाटेल, आणि परत आल्यावर ‘काही नाही तिथं, पैसे घालवू नका’ असं सांगतील. नारायणगाव म्हटलं की आमच्या पिढीला तमाशाचे फड आठवतात. पण त्याच नारायणगावाजवळ खोडदला पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस रेडिओ अँटेना आकाशाकडं तोंड करून उभ्या आहेत. त्या ज्या लहरी ऐकतात त्यांना तर रंगाशी काही देणंघेणं नाही. त्यांचीही चित्रं रंग देऊनच काढतात. डोळ्याला दिसेल तेवढंच खरं म्हणायचं, तर या सगळ्या अँटेनांखाली शेतकऱ्यांनी कांदा वाळत घालावा.

वकिलानं अशिलाचे दोष झाकू नयेत, असा एक समज आहे. म्हणून सांगतो, की बाल्टिमोरची मंडळी अगदीच सोवळी नाहीत. वेबकडून आलेला फोटो आरंभी जवळजवळ काळाठिक्कर दिसतो. अंधुकातलं वर काढायचं आणि भगभगीतलं दाबायचं, हे हातानंच करावं लागतं, आणि त्यात आवडनिवड येते. आकाशात वरखाली नसतं, तरी खांब उभेच छापले. आडवे छापले असते तर त्यांना खांब कोण म्हणालं असतं? एलिझाबेथ केसलर या अभ्यासिकेनं २०१२ साली यावर एक पुस्तकच लिहिलं. हबलची चित्रं एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन चित्रकारांच्या डोंगरदऱ्यांच्या देखाव्यांसारखी दिसतात, असं त्यात दाखवलं आहे. आहेच ते. चित्र देखणं व्हावं अशी त्यांची इच्छा असते. मुलगी दाखवताना पावडर लावतात. नाक बदलत नाहीत.

माझा खरा राग वेगळ्यांवर आहे. वेबचं चित्र बाहेर पडतं तेव्हा त्याच्या जोडीला कोणत्या फिल्टरला कोणता रंग दिला याची यादीही जाहीर केलेली असते. लपवाछपवी नाही, कुणीही वाचावं. ती यादी आपल्यापर्यंत पोचते का? माझ्या कॅलेंडरवर तिच्या जागी पुढच्या महिन्याचं चिमुकलं कॅलेंडर छापलं आहे. वर्तमानपत्रवाले ती जागेअभावी कापतात आणि वर ‘विश्वाचं विलोभनीय रूप’ असा मथळा देतात, त्याला मात्र जागा असते. ग्रुपवर तर नुसतं चित्र, खाली हात जोडलेले, आणि ‘शुभ सकाळ’. आमच्या शाळेतल्या नकाशात महाराष्ट्र गुलाबी आणि गोवा हिरवा होता. तरी सावंतवाडीच्या पुढं एसटीच्या खिडकीतून जमीन हिरवी व्हायची वाट कुणी पाहिली नाही, कारण कोपऱ्यात सूची होती आणि ती वाचली नाही तर मास्तर छडी मारत. ज्यांनी सूची कापली ते सज्जन, आणि ज्यांनी ती लिहिली ते लबाड, हा कुठला न्याय? मग एक दिवस कुणीतरी ‘रंग मागाहून देतात’ हे अर्धं वाक्य सोडतो, आणि साडूंसारखा शहाणा माणूस वेब, हबल आणि खुद्द चाक सगळंच रद्दीत काढतो. रंग खोटा, म्हणून धूळ खोटी, म्हणून टक्कर खोटी. दोन पिढ्या खपून बांधलेली दुर्बीण एका बशीभर चहात बुडते.

हे मी इतक्या तावातावानं का सांगतोय, ते आता सांगून टाकतो. गेल्या दिवाळीआधी आम्ही घराला रंग काढला. मी रंगाऱ्याला बजावून सांगितलं होतं, पांढरा शुभ्र हवा. काम झालं, मी भिंत पाहिली, आणि भिंत पिवळट! क्रीम! मी त्याला झाडला. तो बिचारा डबा आणून दाखवत होता, “साहेब, पांढराच आहे, डब्यावर बघा.” ही म्हणाली, “अहो, पांढराच आहे.” मी म्हटलं, “माझे डोळे शाबूत आहेत.” आणि त्याचे सातशे रुपये कापून घेतले. तो काही बोलला नाही. ब्रश धुतले, गोणपाट गुंडाळलं आणि गेला.

मार्चमध्ये माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सोडून घरी आलो आणि भिंतीकडं पाहिलं, तर भिंत अशी पांढरी, की पाहवेना. डावा डोळा झाकला की पांढरी. उजवा झाकला की क्रीम. डॉक्टरांनी समजावलं, की वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं; इतक्या हळूहळू, की माणसाला कळतही नाही. म्हणजे गेली कित्येक वर्षं मी अख्ख्या जगावर पिवळा कागद लावून बसलो होतो, आणि वर जगालाच दम भरत होतो.

हे ऐकल्यावर साडू प्रथमच काही क्षण गप्प राहिले. मग त्यांनी कॅलेंडरापाशी जाऊन चाकाकडं जवळून पाहिलं, आणि विचारलं, “तुमच्या त्या डॉक्टरांचा नंबर देता का?”

रंगाऱ्याचा शोध चालू आहे. कुणी म्हणतं तो हडपसरला काम करतो, कुणी म्हणतं गावी गेला. परवा अखेर त्याच्या भावाच्या फोनवर तो सापडला. सातशे रुपये द्यायचेत, म्हटलं, कधी येतोस? आधी त्याला काही उमगेना, मग आठवलं. म्हणाला, “साहेब, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे?”

“पुढच्या महिन्यात.”

“मग त्यानंतरच येतो,” तो म्हणाला.